बीडाचं इंजिन, बोअरचं पाणी

मे महिन्यात मांजरसुंब्याच्या घाटात बॉनेट उघडं टाकून उभी असलेली गाडी ही आमच्या बीडकडे काही बातमी नाही. पण ती गाडी बुटकी, दोन सीटची, छपराच्या जागी कापड असलेली आणि लालभडक असेल, तर ट्रॅक्टरवालासुद्धा ब्रेक दाबतो. माझा भाचा तिथेच उभा होता. फोनवर मागे चार-पाच माणसांचे सल्ले ऐकू येत होते.

"मामा, हिने पाणी फेकलं. सोबतचा कॅन ओतू का?"

"काही ओतू नको. झाकणाला हात लावू नको. अर्धा-पाऊण तास सावलीत बस."

भाचा छत्रपती संभाजीनगरला दातांचा डॉक्टर. गाडी १९६५ची एमजीबी. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे घरातल्या कुणाचीही गाडी तापली की फोन मला येतो. या एका गाडीने मला वर्षभर कामाला लावलं. त्यात जे समजलं, ते जुन्या गाडीवर जीव असलेल्या कुणालाही उपयोगी पडेल, मग ती एमजी असो, फियाट असो की महिंद्राची जुनी जीप.

एमजीबी ही इंग्लंडातल्या ॲबिंग्डनची गाडी, १९६२ ते १९८० या काळात बनलेली. इंजिन १७९८ सीसी, चार सिलिंडर. हे ऐकून बुजायचं कारण नाही. आपल्या अँबेसिडरमध्ये कित्येक वर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, ते याच बी-सिरीज घराण्यातलं. अँबेसिडर खोललेला मिस्त्री एमजीबीचं बॉनेट उघडतो तेव्हा त्याला परका माणूस भेटत नाही, चुलत भाऊ भेटतो. ब्लॉक (इंजिनाचं धड) आणि हेड (त्यावरचं डोकं) दोन्ही बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. आमच्या जिल्ह्याचं आणि या धातूचं नाव एकच, यावर मी वर्गात दरवर्षी तोच विनोद करायचो आणि पोरं दरवर्षी तेवढीच हसायची.

आता मूळ मुद्दा. पेट्रोल जळतं तेव्हा सिलिंडरच्या आत क्षणभर २००० अंशांच्या वर तापमान जातं. बीड साधारण १२०० अंशांना वितळतं, ॲल्युमिनियमचा पिस्टन तर ६६०च्या आसपास. तरीही इंजिन वितळत नाही, कारण भिंतीच्या पलीकडून पाणी सतत उष्णता उचलून नेत असतं. किती उष्णता? ही गाडी सपाट रस्त्यावर ताशी ७० किलोमीटरने चालली आणि लिटरला दहा किलोमीटर दिले, तर तासाला सात लिटर पेट्रोल जळतं. त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश शक्ती चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून, आणि उरलेली एक तृतीयांश पाण्यात. हिशेब मांडला तर पाण्याच्या वाट्याला सुमारे २० किलोवॅट येतात. घरातला गीझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे दहा गीझर एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांच्यामध्ये फिरणारं पाणी जेमतेम साडेपाच लिटर.

हे पाणी उष्णता ठेवून घेत नाही, ते फक्त हमाल आहे. इंजिनातून उचलायची आणि रेडिएटरच्या जाळीवर नेऊन टाकायची. तिथून पुढे काम हवेचं. आणि मराठवाड्याची खरी अडचण इथे सुरू होते. जाळी किती उष्णता टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात बाहेर २० अंश आणि पाणी ९० अंश, फरक ७० अंशांचा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४३, पाणी तेच ९०, फरक ४७. तीच जाळी, तोच पंखा, तोच वेग, तरी उष्णता टाकण्याची ताकद एक तृतीयांशाने कमी. डांबरी रस्त्याला लागून येणारी हवा त्याहून तापलेली, आणि या गाडीचं नाक तर गुडघ्याएवढ्या उंचीवर. म्हणजे इंग्रजांनी जी थोडी मोकळीक ठेवली होती, ती आपल्या हवेनेच खाल्ली. इतर गाड्यांत खपणारी बारीकसारीक चूक इथे खपत नाही.

घाटात तर सगळंच उलटं होतं. चढावर पेट्रोल जास्त जळतं, उष्णता जास्त निघते, पण वेग तीसवर आलेला असल्याने समोरून वारा नाही. अशा वेळी वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रखडवत नेणं सगळ्यात वाईट. गिअर उतरवा, इंजिन फिरू द्या. पंखा आणि पाण्याचा पंप पट्ट्याने इंजिनालाच बांधलेले असतात, इंजिन जोरात फिरलं की तेही जोरात फिरतात. काटा चढतोय असं दिसलं तर हीटर पूर्ण चालू करा. हो, मे महिन्यात. हीटर म्हणजे डॅशबोर्डखाली बसवलेला छोटा रेडिएटरच आहे, तो चार अंश तरी उतरवतो. तुमचे पाय भाजतील, इंजिन वाचेल.

झाकणाला हात लावू नको असं मी का म्हणालो, तेही सांगतो. रेडिएटरचं झाकण हे नुसतं बूच नाही, ती प्रेशर कुकरची शिटी आहे. बीड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर, त्यामुळे इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पण या गाडीच्या झाकणावर सात पौंडांची स्प्रिंग असते, पुढच्या मॉडेलांना दहा पौंडांची. सात पौंड दाबाखाली पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं की दाब क्षणात जातो आणि ११० अंशांच्या पाण्याला कळतं की आपण केव्हाच उकळायला हवं होतं. प्रत्येक लिटरातलं वीसेक मिलिलिटर पाणी तिथल्या तिथे वाफ होतं. ऐकायला थोडं वाटतं, पण त्याची तीस-पस्तीस लिटर वाफ होते आणि ती उरलेलं उकळतं पाणी घेऊन तोंडावर येते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या मानेवर ही खूण आहे. झाकणाच्या रबराला चीर गेली असेल तर उलट होतं: दाब धरलाच जात नाही, पाणी ९८ला उकळतं आणि गाडी चांगली असूनही पाणी फेकते. नवं झाकण काही शे रुपयांत येतं. मी पहिल्यांदा तेच बदलतो. पण जास्त पौंडांचं झाकण लावून शहाणपणा करू नका. साठ वर्षांच्या जाळीचे शिसं-कथलाचे डाग (सोल्डरचे जोड) तेवढा दाब सोसत नाहीत, मग नळीऐवजी जाळीच फुटते.

त्या दिवशी भाच्याने अर्धा तास वाट पाहिली, मग जवळच्या एका गॅरेजवाल्याने त्याच्या मते रामबाण उपाय केला. थर्मोस्टॅट काढून हातात दिला. "हे इंग्रजांच्या थंडीचं आहे साहेब, आपल्याकडे नको." हे वाक्य मी पन्नासदा तरी ऐकलं असेल. ऐकायला पटतंही.

थर्मोस्टॅट म्हणजे हेडमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवर बसलेला रखवालदार. त्याच्या पोटात मेणाची कुपी असते. मेण वितळलं की फुगतं, दांडी ढकलतं, झडप उघडते. या गाडीला नेहमीच्या हवेसाठी ८२ अंशांचा आणि उष्ण देशांसाठी ७४ अंशांचा, असे वेगवेगळे थर्मोस्टॅट कंपनीच द्यायची. म्हणजे इंग्रजांना आपला उन्हाळा माहीत होता. पण लक्षात घ्या, तो इंजिनाला किमान किती गरम ठेवायचं ते ठरवतो. कमाल किती होईल ते जाळी आणि हवा ठरवतात. पूर्ण उघडलेल्या झडपेने गाडी तापत नाही, त्यामुळे चांगला थर्मोस्टॅट काढून घाटात फारसं काही मिळत नाही.

काढल्याने बिघडतं काय? त्याच्या अडवणुकीमुळे ब्लॉकमधल्या पाण्याचा दाब थोडा वाढलेला असतो, आणि हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्वच्या भोवती पाणी जागच्या जागी उकळून बुडबुडे धरत नाही. या इंजिनात दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचे एक्झॉस्ट वॉल्व शेजारीशेजारी असून दोघांचा धूर एकाच वाटेने बाहेर पडतो. सगळ्यात तापलेली जागा ती. तिथे वाफेचा बुडबुडा बसला की पाणी भिंतीला टेकतच नाही. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब कसा नाचतो, तसं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट कायमची उघडी राहते आणि काही गरम पाणी रेडिएटर न बघताच परत फिरतं. "पाणी जोरात पळतं म्हणून त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही" हे जे कारण सांगतात, ते मात्र खरं नाही. पाणी जोरात फिरलं तर उष्णता जास्तच वाहून जाते.

खरी किंमत डिसेंबरात कळली. पहाटे दहा अंशांत भाचा बीडला यायला निघाला, तर गेवराईपर्यंत गाडी खोकत होती, चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी कळ) आत जाऊ देत नव्हती. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं. मी डिपस्टिक काढून वास घेतला, पेट्रोलचा पंप जवळ असल्यासारखा वास. जुनी इंजिनं गरमीने जेवढी मरतात, तेवढीच अशी थंडीने हळूहळू झिजतात, फक्त वाफ दिसत नसल्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

काढलेला थर्मोस्टॅट भाच्याने नशिबाने जपून ठेवला होता. तो तपासायला गॅरेज लागत नाही, स्वयंपाकघर पुरतं. "दुधाचं पातेलं सोडून काय न्यायचं ते न्या," या अटीवर मला एक जुनं भगुणं मिळालं. थर्मोस्टॅटला दोरा बांधून तो पाण्यात असा लोंबता ठेवायचा की तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर. ८० झाले, काही नाही. ८३ला झडपेच्या कडेने केसाएवढी फट. ९२ ते ९४ला बोट शिरेल एवढी वाट. गॅस बंद केल्यावर पुन्हा हळूच मिटला. म्हणजे ज्याला शिक्षा झाली तो निर्दोष होता.

त्याच भगुण्यात दुसरं काम उरकलं. या गाडीचा तापमानाचा काटा विजेवर चालत नाही. हेडमध्ये एक बल्ब, त्यातून तांब्याची केसासारखी नळी थेट मीटरपर्यंत, आत ईथर. बल्ब तापला की ईथरची वाफ दाब देते आणि काटा सरकतो. मी नळीला पीळ न देता बल्ब सोडवला (घाई केली तर नळी तुटते, ईथर उडून जातं आणि मीटर मेलं) आणि उकळत्या पाण्यात बुडवला. काटा जिथे थांबला तिथे काचेवर मार्करने ठिपका दिला. तो ठिपका म्हणजे ९८ अंश. साठ वर्षं जुन्या मीटरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही, आपण दिलेल्या ठिपक्यावर ठेवायचा. लेझरचं तापमान-पिस्तूल वापरत असाल तर चकचकीत धातूवर धरू नका, ते कमी दाखवतं. काळी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर धरा.

मग प्रश्न उरला: थर्मोस्टॅट ठीक, मीटर ठीक, झाकण नवं, तर गाडी तापत का होती?

उत्तर डिकीत होतं. पाच लिटरचा पांढरा कॅन. "रोज निघताना थोडं पाणी टाकतो मामा, अर्धा लिटर लागतंच. जुनी गाडी आहे." हे 'लागतंच' म्हणजे सगळा रोग. मोटारीतलं पाणी हे माठातलं पाणी नव्हे. माठ झिरपतो म्हणून थंड होतो, रेडिएटर बंद भांडं आहे, त्यातून थेंबही जायला नको. अर्धा लिटर जात असेल तर ते कुठून तरी जातंय. इथे ते पाण्याच्या पंपाच्या सीलमधून जात होतं. गाडी चालू असताना थेंब पंख्याच्या वाऱ्यात उडून जायचा, जमिनीवर डाग पडत नव्हता. पंपाच्या अंगावर पांढरट-हिरवा ओघळ तेवढा होता.

आणि कॅनमध्ये पाणी कुठलं? सोसायटीच्या बोअरचं. मराठवाड्यात हे कुणाला वेगळं सांगायला नको. बादलीच्या कडेला पांढरी रेघ, नळाच्या तोटीला खडा, गीझरची कॉइल दोन वर्षांत चुन्याच्या कांडीसारखी. मी खिशातलं टीडीएस मीटर त्या कॅनमध्ये बुडवलं, आकडा आला ११००, म्हणजे लिटरला ११०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही बरी मर्यादा मानलेली आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. म्हणजे पिऊन माणूस मरणार नाही असं पाणी.

इथे एक हिशेब करण्यासारखा आहे. साडेपाच लिटर पाण्यात ११००च्या हिशेबाने विरघळलेले क्षार किती? सहा ग्रॅम. चहाचा एक चमचा. एकदा हे पाणी भरून वर्षभर तसंच ठेवलं असतं तर इंजिनाचं फार बिघडलं नसतं. गंज चढला असता, तो वेगळा. पण रोज अर्धा लिटर म्हणजे वर्षाला १८० लिटर, आणि त्यातून २०० ग्रॅम क्षार. पाणी उडून जातं, क्षार थोडेच उडतात? तिखटमिठाच्या डब्यातलं मोठं भांडं भरेल एवढा ऐवज एका वर्षात आत गेला. मागच्या मालकांनी काय केलं असेल ते देवाला ठाऊक.

वर हे क्षार लबाड. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुन्याच्या क्षाराचं उलटं आहे, पाणी तापलं की तो बाहेर पडतो. त्यामुळे तो थंड जाळीत नंतर बसतो, आधी जिथे भिंत सगळ्यात तापलेली आहे नेमका तिथे बसतो. आणि तो उष्णतेला जाऊ देत नाही. एक मिलिमीटर क्षाराचा थर उष्णतेला जेवढा अडवतो, तेवढं अडवायला बीडाची दोन-अडीच सेंटिमीटर जाड भिंत लागेल. बाहेर काटा ९० दाखवतोय आणि थराच्या आत धातू भाजून निघतोय, असं होऊ शकतं. मीटरचा बल्ब पाण्यात आहे, भिंतीत नाही.

ब्लॉकच्या कुशीला जी गोल पत्र्याची बुचं असतात, कोअर प्लग, त्यातलं मागचं, चार नंबर सिलिंडरजवळचं बूच मी काढलं. पाणी आलंच नाही. स्क्रू-ड्रायव्हर घातला तर रुतला. आत विटकरी चिखल, वाळलेल्या गाळासारखा, आणि त्यात पांढरे पापुद्रे. सायकलचा जुना स्पोक वाकवून खरवडायला लागलो. भाच्याने एक पापुद्रा तळहातावर घेतला, नखाने टोकरला आणि म्हणाला, "मामा, हे तर किटण!" मग गाडीतून आपली बाद झालेली दातकोरणी हत्यारं घेऊन आला. ब्लॉकसमोर उकिडवा बसून त्याने दोन तास जे स्केलिंग केलं, तसं त्याचं कुठल्या पेशंटनेही करून घेतलं नसेल. अर्धा कप गाळ निघाला. दातावरच्या किटणात फॉस्फेट असतं आणि इथे चुन्याचा कार्बोनेट, पण तक्रार तीच: रोज थोडं, लक्षात न येणारं.

जे हाताने निघत नाही त्यासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्व. लिटरला चाळीसेक ग्रॅम, थर्मोस्टॅट बाहेर काढून, कोमट पाण्यात घोळून भरलं, इंजिन वीस-पंचवीस मिनिटं चालवलं आणि गार होऊ देऊन काढलं. पाणी कॉफीसारखं आलं. दुसऱ्यांदा चहासारखं. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने एकदा, आणि साध्या पाण्याने तीनदा धुतलं. संडास धुवायचं ॲसिड घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने क्षार जातो, सोबत जाळीचे डाग आणि पंपाचा पंखाही जातो. आणि एक आधीच समजून घ्या: काही वेळा क्षारानेच गळती बुजवलेली असते. धुतल्यावर गाडी गळू लागली तर लिंबूसत्वाला दोष देऊ नका. आमची जाळी दोन ठिकाणी गळायला लागलीच. रेडिएटरवाल्याकडे वरची टाकी सोडवून, नळ्यांतून पातळ पट्टी घालून साफ करून घेतली आणि नव्याने डाग दिले.

भरताना बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, सत्तर टक्के, आणि कूलंट तीस टक्के. डब्यावर अर्धंअर्धं सांगितलेलं असतं, ते जिथे पाणी गोठतं तिथल्यासाठी. उष्णता वाहण्यात पाणी ग्लायकोलपेक्षा सरस आहे, आपल्याला कूलंट हवं ते गंज रोखण्यासाठी आणि पंपाच्या सीलसाठी. तयार मिसळलेलं घेतलं असेल तर त्यात वर पाणी घालू नका. रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल-निळा याला काही नियम नाही. तांबं-पितळेच्या रेडिएटरला आणि शिसं-कथलाच्या डागांना चालतं का, एवढं वाचा. जुनं कूलंट काढलं की ते ओढ्यात किंवा गोठ्याजवळ ओतायचं नाही. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-जनावरं चाटतात.

पाणी संपलं, आता हवा. ती लवकर उरकते. जाळीच्या पुढच्या बाजूला आमच्याकडे जे सापडतं ते इंग्रजी मॅन्युअलमध्ये नाही: कापसाची बोंदरं, ज्वारीचा भुसा, नाकतोडे आणि सगळ्यावर फुफाटा. इंजिनाच्या बाजूने पुढे, असं उलटं पाणी मारून धुवायचं, साध्या नळाने. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पाकळ्या दुमडतात. रेडिएटरच्या कडेने असलेल्या फटी फोमच्या पट्टीने बुजवायच्या. हवा माणसासारखीच आहे, बाजूने वाट दिसली की जाळीच्या गर्दीत शिरत नाही. काही जण ग्रिलवर ओलं पोतं टाकतात. कोरड्या हवेत कूलर चालतो तर पोतंही चालेल, असा विचार असतो. पण पोतं हवा अडवतं त्याचं काय? थांबलेल्या गाडीच्या जाळीवर पाणी शिंपडा, त्याने खरोखर उतरतं.

विजेचा पंखा लावण्याची हौस असेल तर आमची फजिती ऐका. एका इलेक्ट्रिशियनने भाच्याच्या गाडीला पंखा बसवून दिला, लाल वायर स्विचला, काळी बॉडीला, जगभर लावतात तशी. पंखा जोरात फिरायचा आणि गाडी पहिल्यापेक्षा लवकर तापायची. १९६५च्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलटं. मोटर उलटी फिरत होती आणि इंजिनातली गरम हवा समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या छातीवर फेकत होती. तपासायला मी फक्त सकाळच्या पेपरचं एक पान ग्रिलसमोर धरलं. चिकटायला हवं होतं, ते फडफडत माझ्या अंगावर आलं. वायरी अदलाबदल केल्या. शिवाय या गाडीला अल्टरनेटर नाही, डायनामो आहे, तो उभ्या गाडीत फारशी वीज देत नाही. पंखा फार वेळ चालला की बॅटरी बसते. शेवटी आम्ही मूळचा पट्ट्यावरचा पंखाच मुख्य ठेवला आणि विजेचा गावातल्या गर्दीपुरता.

राहिलं पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आमच्याच उसाचं असेल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त लागतं. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते आपोआप देतो, साठ वर्षांच्या एसयू कार्ब्युरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला) काय कळणार? मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि इंजिन तापतं. जेटखालचा नट एकेक पैलू खाली फिरवून, प्लगचा रंग पांढरट राखेचा न राहता फिकट बिस्किटासारखा येईपर्यंत मी ते दुरुस्त केलं. टायमिंगही (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) पाहिलं. ते मागे पडलेलं असेल तर जाळ एक्झॉस्टच्या वाटेपर्यंत जळत राहतो आणि हेड तापवतो. रबरी पाइपही याच वेळी तपासले, इथेनॉल जुनं रबर खातं.

यंदाच्या एप्रिलअखेरीस आम्ही दोघं त्याच घाटातून गेलो. दुपारचे तीन. दुसऱ्या गिअरमध्ये, घाई न करता. काटा ठिपक्याच्या अलीकडे करंगळीएवढं अंतर राखून थांबला, वर आल्यावर उतरला. मांजरसुंब्याला रसवंतीपाशी गाडी बंद केली आणि दोन मिनिटांत काटा चढत चढत ठिपक्यावर गेला. भाच्याचा चेहरा पडला. मी म्हणालो, रस पी. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, पण बीडाच्या शंभरेक किलोंमधली उष्णता कुठे जाणार? ती उभ्या पाण्यातच उतरते. काटा चढतो आणि थोड्या वेळाने आपण होऊन खाली येतो.

निघताना गाडी सुरू होईना. हा तापलेल्या पाण्याचा नव्हे, तापलेल्या पेट्रोलचा प्रकार. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक, मध्ये फक्त एक पत्रा. थांबल्यावर खालची धग वर येते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं. चोक ओढायचा नाही. बॉनेट उघडायचं, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यायची, मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर मारायचा.

"म्हणजे आणखी एक ग्लास?" भाचा म्हणाला.

"आल्याचा सांग. आणि तो डिकीतला कॅन त्याला देऊन टाक, त्याच्या लिंबाच्या झाडाला उपयोग होईल."